मालकाचा हिस्सा (फंड व पेन्शन) : बिदर–कलबुर्गी सीमाभाग

कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीत आणि निवृत्तिवेतन निधीत मालकाने दरमहा भरायची, कायद्याने बांधून दिलेली रक्कम. बोलण्यात 'फंड' आणि 'पेन्शन'. ती ठरते चार प्रश्नांवर : आस्थापनेत माणसे किती, त्यांत 'कर्मचारी' कोण, हातात पडणाऱ्या पैशातला कोणता भाग 'वेतन', आणि दर काय. दर शोधायला मिनिट लागत नाही. वर्षानुवर्षे खटले चालतात ते पहिल्या तीन प्रश्नांवर.

व्याप्ती. बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गीतील आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारा कामगार मोठ्या संख्येने आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. फंडाचा कायदा केंद्राचा असल्याने त्याचे दर मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिले. भालकीचा आणि महाराष्ट्रातल्या उदगीरचा कामगार एकाच कलमाखाली येतो. बदलते ती कचेरी. कलबुर्गी कार्यालयाच्या सदस्य क्रमांकाची सुरुवात 'जीबी जीएलबी' या अक्षरांनी होते.

इतिहास. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चा. योजना १ नोव्हेंबर १९५२ पासून सहा उद्योगांना लागू झाली. त्यांत सिमेंट आणि कापड होते, म्हणून या भागात शहाबादचा सिमेंट कारखाना व गुलबर्ग्याची (आताचे कलबुर्गी) महबूब शाही गिरणी यांसारखी ठिकाणे पहिल्याच यादीतली. गिरणी पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. साखर उद्योग १९५६ मध्ये आला. सुरुवातीचा दर सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा; पुढे तो ८, १० आणि २२ सप्टेंबर १९९७ पासून बहुतेक आस्थापनांना १२ टक्के झाला. कायदा लागू होण्यासाठी आधी ५० माणसे लागत. १९६० च्या दुरुस्तीने ती २० झाली. कुटुंब निवृत्तिवेतन योजना १९७१ ची. तिच्या जागी १६ नोव्हेंबर १९९५ पासून आजची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना.

दर व विभागणी. मूळ वेतन, महागाई भत्ता (त्यात सवलतीच्या अन्नाची रोख किंमतही धरतात) आणि रिटेन्शन (हंगामी कामगाराला बंद काळात मिळणारी रक्कम) यांच्या बेरजेवर मालकाचे १२ टक्के, कामगाराचे तेवढेच. मालकाच्या १२ टक्क्यांतून ८.३३ टक्के पेन्शन निधीत वळते होतात, उरलेले फंडात. पेन्शनसाठी केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. वेतनमर्यादा जून २००१ पासून ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. तीवर पेन्शनचा वाटा जास्तीत जास्त १,२५० रुपये. विडी, वीटभट्टी, काथ्या, ताग अशा उद्योगांना आणि ठरावीक आजारी आस्थापनांना दर १० टक्केच. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. कामगाराचा वाटा कापायचा राहून गेला, तर तोही मालकाला नंतर सहसा वसूल करता येत नाही.

साखर कारखाने. प्रस्तुत विषयाचे या भागातले सर्वांत बोलके उदाहरण. हल्लीखेडचा बिदर सहकारी, भालकी तालुक्यात हुणजीचा महात्मा गांधी सहकारी, इमामपूरचा नारंजा सहकारी हे हंगामी स्वरूपाचे कारखाने. पन्नासहून कमी माणसांच्या आणि यंत्रशक्ती न वापरणाऱ्या सहकारी संस्थांना कायद्यातून सूट आहे. ती गावच्या पतसंस्थेला मिळू शकते, कारखान्याला नाही.

गळीत संपले की कायम कामगार दुरुस्तीला राहतो, हंगामी घरी जातो. पुढच्या बॉयलर पेटण्याला तो परत यावा म्हणून बंद काळात त्याला जी रक्कम मिळते ती रिटेन्शन. कायद्याने ती नाव घेऊन वेतनात धरली आहे, त्यामुळे तिच्यावरही मालकाचा हिस्सा लागतो. हंगामात मूळ व महागाई मिळून १२,००० रुपये आणि बंद काळात रिटेन्शन ४,००० असे धरू. फेब्रुवारीच्या ओळीला पासबुकात तीन रकाने दिसतील : कामगाराचा हिस्सा १,४४०, मालकाचा ४४०, पेन्शन १,०००. जुलैच्या ओळीला ४८०, १४७ आणि ३३३. '४४०' हा आकडा पाहून मालकाने हात आखडला असे कामगाराला वाटते. तिसऱ्या रकान्यातले हजारही मालकाचेच असतात. खरी शंका घ्यायची ती जुलैची ओळ कोरी दिसल्यावर. रिटेन्शन दिले आणि त्यावरचा भरणा केला नाही, तर ती थकबाकीच आहे.

सेवेच्या मोजणीत मात्र योजना हंगामी माणसाच्या बाजूने उभी राहते. वर्षातून चार-पाच महिनेच काम झाले तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. पेन्शन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागलेली रक्कम. पात्रतेला दहा वर्षे, पूर्ण पेन्शनला वयाची ५८. ही मोजणी सीमेच्या दोन्ही अंगांना प्रत्येक हंगामी कामगाराला सांगितली गेली पाहिजे. सात-आठ हंगामांनंतर फंड काढून मोकळे होणारा माणूस आणखी दोन-तीन हंगामांत मिळणारी आयुष्यभराची पेन्शन सोडून देत असतो.

कारखाना अडचणीत आला की प्रश्न बदलतो : आधी कोणाचे फेडायचे? गोदामातली साखर बँकेकडे तारण असते आणि पोत्यांवर बँकेचा ताबा असतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की फंडाची देणी, त्यांवरचे व्याज आणि दंडासह, तारण साखरेवरही पहिला बोजा धरतात. कलम ११ पुढे बँकेचा हक्क मागे राहतो. प्रकरण महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचे, पण कलम तेच असल्याने मांजरा नदीच्या काठच्या बिदरच्या कारखान्यांनाही ते जसेच्या तसे लागू. कामगार संघटनांच्या हातात याहून मोठे हत्यार नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

ऊसतोड मजूर. आस्थापनेच्या कामात 'किंवा त्या कामाशी संबंधित' असलेला, ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कर्मचारी, अशी कायद्याची व्याख्या. घरी विड्या वळणाऱ्यांना ती लागू होते, हे पी. एम. पटेल प्रकरणात १९८५ मध्ये ठरले. मुकादमाच्या टोळीतल्या तोडणी मजुराला ती लागू व्हावी की नाही, यावर मतभेद आहेत.

सिमेंट व फरशी. शहाबाद सिमेंट कंपनी १९३६ मध्ये एसीसीत विलीन झालेल्या कंपन्यांपैकी एक. वाडी, सेडम, मळखेड येथे पुढे मोठे कारखाने झाले. तेथे ठेक्यावरचे कामगार बरेच, म्हणून हिशेब असा : भरणा आधी मूळ मालकाने करायचा, मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. ठेकेदार पळाला ही सबब चालत नाही. मात्र कोणासाठी भरायचे ती माणसे ओळखली गेली पाहिजेत. त्यासाठी हजेरीपट व साक्षीदार बोलावण्याचा अधिकार भविष्य निर्वाह निधी आयुक्तांनी वापरलाच पाहिजे, असे भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात ठरले.

छताच्या व फरशीच्या दगडाच्या खाणी १९५२ च्या कायद्याच्या यादीत आहेत. शहाबादी फरशीचा धंदा लहान तुकड्यांत चालतो : खाण एकाच्या नावे, कटिंगचे यंत्र भावाच्या, पॉलिश मुलाच्या. प्रत्येकाकडे आठ-दहा माणसे. कलम २-अ प्रमाणे एकाच आस्थापनेचे विभाग व शाखा एकत्र मोजतात. एकत्र केव्हा धरायचे याची जुनी कसोटी एसीसीच्याच चाईबासा कारखान्याच्या खटल्यातली : चुनखडीची खाण आणि कारखाना एकमेकांवाचून चालू शकतात का, मालकी, व्यवस्थापन व पैसा एक आहे का. निकाल औद्योगिक विवाद कायद्याखालचा, पण फंडाच्या प्रकरणांत त्याचा आधार घेतात.

'वेतन' कशाला म्हणावे. मूळ वेतनातून कायदा घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन वगळतो. म्हणून मूळ वेतन लहान ठेवून 'विशेष भत्ता' फुगवण्याची रीत पडली. विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली : सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता हा वेतनच, जादा काम किंवा जादा उत्पादनाशी जोडलेला असेल तरच तो बाहेर. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात येतो. संहितेच्या बऱ्याच तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या.

पूर्ण वेतनावर पेन्शन. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल : ४ ऑक्टोबर २०१६ व ४ नोव्हेंबर २०२२. संयुक्त विकल्पाची (मालक व कामगार यांनी मिळून करायच्या अर्जाची) मुदत ११ जुलै २०२३ ला संपली.

कर्नाटक राज्य सरकारी कर्मचारी. १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना.

निर्धारण व अपील. भरणा न झाल्यास १९५२ च्या कायद्याच्या कलम ७-अ खाली चौकशी होऊन रक्कम ठरते. तीवर कलम ७-क्यू प्रमाणे १२ टक्के व्याज आणि १४-बी प्रमाणे दंड. अपील बेंगळुरूच्या केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे. तेथे १९५२ च्या कायद्याखाली मालकाला ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागत, न्यायाधिकरणाने सूट दिली नाही तर. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कलबुर्गीला २००८ पासून, २०१३ पासून कायम. २००८ पूर्वी रिट अर्जासाठी औरादच्या माणसाला बेंगळुरू गाठावे लागे. १९५२ च्या कायद्यात ७-अ चौकशीला कालमर्यादा नव्हती. संहितेत ती वाद उद्भवल्यापासून पाच वर्षे आहे. हंगामी कामगाराने पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीकार्ड आणि रिटेन्शनच्या पावत्या किमान तेवढी वर्षे जपून ठेवाव्यात.