शशिकला : सोलापूरची जवळकरांची लेक हिंदी सिनेमाची गाजलेली खलनायिका कशी झाली?

'कभी खुशी कभी गम' किंवा छोट्या मुलांची 'सोनपरी' मालिका आठवते? त्यात दिसलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री शशिकला मूळच्या सोलापूरच्या, हे अनेकांना माहीत नसतं. नव्या पिढीने त्यांना प्रेमळ आजीच्या वयात पाहिलं. आधीच्या पिढीला मात्र त्या पडद्यावर आल्या की धडकी भरायची.

सोलापूर ते मुंबई

शशिकला यांचं माहेरचं आडनाव जवळकर. ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात एका मराठी भावसार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी खाऊनपिऊन सुखी परिस्थिती होती आणि भावंडं बरीच. नाच, गाणं, अभिनय यांची आवड त्यांना लहानपणापासूनच. पुढे वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि सगळं कुटुंब पोटासाठी मुंबईला आलं. मुलगी दिसायला छान, नाचते-गाते, तेव्हा सिनेमात काम मिळेल ही आशा होती. पण कामासाठी स्टुडिओचे उंबरे झिजवावे लागले.

नूरजहाँची भेट

याच काळात गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांच्याशी ओळख झाली. त्यांचे पती शौकत हुसैन रिझवी तेव्हा 'झीनत' (१९४५) हा सिनेमा करत होते. त्यातल्या बायकांच्या कव्वालीत शशिकला यांना जागा मिळाली. या कामाचे २५ रुपये मिळाल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर रिझवींच्याच 'जुगनू'मध्येही (१९४७) त्या दिसल्या. पण फाळणी झाली, रिझवी दांपत्य पाकिस्तानात गेलं आणि पंधरा वर्षांच्या शशिकला यांचा आधारच गेला.

पुढची वर्षं मिळेल ते काम करण्यात गेली. विशीच्या आतच त्यांनी ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'मध्ये (१९५३) त्यांना भूमिका मिळाली. १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्यांनी नूतनसोबत काम केलं. ती भूमिका साध्या, मोकळ्या मनाच्या मुलीची होती.

खलनायिकेचा शिक्का

सगळं बदललं ते 'आरती'ने (१९६२). मीना कुमारीच्या सालस नायिकेसमोर शशिकला यांनी घरात भांडणं लावणारी कजाग जाऊ रंगवली. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांच्या 'गुमराह'मध्ये विवाहित नायिकेला ब्लॅकमेल करणारी बाई साकारली. या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना सलग दोन वर्षं सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

त्या काळी नायिका सोशिक आणि निर्मळच हवी, असा दंडक होता. मग राग, मत्सर, हाव दाखवायला पडद्यावर दुसरी बाई लागायची. ते काम शशिकला इतकं चोख करायच्या की निर्माते तशाच भूमिका घेऊन येऊ लागले. पुरस्कार मिळाले, पण नायिका होण्याची वाट बंद झाली. हृषीकेश मुखर्जींनी 'अनुपमा'त (१९६६) त्यांना अबोल नायिकेची बडबडी, खेळकर मैत्रीण केलं, तेव्हा त्या काय करू शकतात हे पुन्हा दिसलं. 'खूबसूरत'मध्येही (१९८०) त्या घरातली साधी सून होत्या.

झगमगाटापासून दूर

वैयक्तिक आयुष्यात मात्र स्वस्थता नव्हती. पतीपासून त्या वेगळ्या झाल्या. पुढे कामापासून लांब जाऊन त्यांनी कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत रुग्ण आणि निराधारांची सेवा केली. पडद्यावर जिने दुसऱ्यांचे संसार मोडले, तिला मनाची शांती तिथे सापडली.

त्यानंतर त्या परत आल्या ते चरित्र भूमिकांत. 'बादशाह', 'मुझसे शादी करोगी' असे सिनेमे केले. 'जीना इसी का नाम है', 'सोनपरी' या मालिकांमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. नंतर वयोमानानुसार त्यांनी काम थांबवलं.

२००७ साली केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

जुन्या सिनेमात त्यांना पाहून आजही आजी म्हणते, "आली बघ, आता घर फोडणार!" शशिकला यांच्या कामाला मिळालेली ही आणखी एक पावती.