सिंदखेडराजा : श्रावणातली भेट

प्रत्येक प्राचीन नगराला त्याचा असा हंगाम असतो. रोम किंवा अथेन्स पाहायला जगभरची माणसे उन्हाळ्यात लोटतात. जाणते प्रवासी मात्र गर्दी ओसरल्यावर जातात आणि रिकाम्या रस्त्यांवरून निवांत हिंडतात. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा या गावाचा हंगाम एका दिवसाचा आहे. १२ जानेवारी हा जिजाबाईंचा जन्मदिवस. १५९८ साली त्या या गावी जन्मल्या. त्या दिवशी येथे लाखो माणसे येतात. आम्ही हा दिवस मुद्दाम टाळला आणि श्रावणात, पाऊस सुरू असताना तेथे गेलो. का, ते पुढे सांगतो.

जालन्याहून निघालेली एस.टी. तासाभरात सिंदखेडराजाला पोहोचते. या तासाभरात मराठवाडा संपून विदर्भ लागतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि जालना मात्र १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले, त्यामुळे ही एके काळी राज्यांची सीमा होती. आज दोन्हीकडे सारखेच सोयाबीन आणि कपाशी. आमच्यासारख्या वसईकडच्या, भाताची खाचरे पाहणाऱ्या डोळ्यांना हा काळ्या मातीचा प्रदेश फार मोठा आणि मोकळा वाटतो.

लखुजी जाधवांच्या वाड्याचे उंच प्रवेशद्वार रस्त्यावरूनच दिसते. आत शिरल्यावर वाडा असा उरलेला नाही. जोती आहेत, भिंतींचे अवशेष आहेत आणि जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून जपलेली जागा आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे राखणदाराखेरीज कोणी नव्हते. वसईच्या किल्ल्यात पावसाळ्यात जी शांतता असते, तीच येथेही भेटली. भिजलेला दगड अधिक काळा होतो, शेवाळ हिरवे होते आणि माणूस आपोआप हळू बोलू लागतो.

गावात हिंडताना ध्यानात येते, की हे पाण्याचे नगर आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, सजना बारव, पुतळा बारव अशी नावे घेत लोक रस्ता सांगतात. पुतळा बारवेच्या भिंतींत मूर्ती कोरलेल्या आहेत, त्यांवरून तिला हे नाव पडले. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत उभी आहे. जानेवारीच्या गर्दीत या पायऱ्यांवर उभे राहणे कठीण. श्रावणात पाण्यावर पडणारा पाऊस पाहात आम्ही तेथे अर्धा तास बसलो. कमी पावसाच्या मुलखात जहागीर सांभाळणाऱ्या घराण्याने आधी पाणी सांभाळले, ही गोष्ट कोणत्याही बखरीपेक्षा या बारवा स्पष्टपणे सांगतात.

दुपारी जेवणाची पंचाईत झाली. बाहेरच्या प्रवाशांसाठी या दिवसांत कोणी चूल मांडत नाही. शेवटी बसस्थानकाजवळच्या एका लहानशा खानावळीत आजीबाईंनी आम्हांला बसवून घेतले. ज्वारीची गरम भाकर, बेसन (आमच्याकडचे पिठले), कण्या घातलेली अंबाडीची आंबट भाजी, वर लसणाची फोडणी दिलेले तेल, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. “आता काय येता दादा,” आजीबाई म्हणाल्या, “बारा जानेवारीले येजा. पाय ठेवाले जागा नसते.” रोडगे आणि वांग्याची भाजी खायची असेल तर पंगतीच्याच दिवसांत यावे, असेही त्यांनी बजावले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले तेव्हा आम्हांला हसू फुटले. मिरची या देशात आणली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. आमच्याच किनाऱ्यावर उतरलेल्या त्या परकीय फळावर आज वऱ्हाडची भाकर जगते. लखुजींच्या ताटात भाकर नक्कीच असेल. ठेचा असेलच असे नाही.

जेवून आम्ही लखुजींच्या समाधीकडे गेलो. श्रावणात येण्याचे कारण ते होते. २५ जुलै १६२९ हा श्रावणी पौर्णिमेचा दिवस होता. त्या दिवशी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने दरबारात बोलावून लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करविली. लखुजी मध्यंतरी मोगलांना मिळाले होते व पुन्हा निजामशाहीत आले होते. त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. त्याआधी एका पिसाळलेल्या हत्तीच्या निमित्ताने जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले होते आणि त्या चकमकीत लखुजींचा पुत्र दत्ताजी व शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी मारले गेले होते. एका मुलीचे सासर आणि माहेर असे आधीच रक्ताने वेगळे झाले होते.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०चा. तारखा शेजारी ठेवल्या तर अंतर सात महिन्यांचेही नाही. पित्याची, दोन भावांची आणि भाच्याची हत्या झाली तेव्हा जिजाबाईंच्या गर्भारपणाचे पहिलेच महिने चालू होते. या दुःखातून स्वराज्य जन्मले, असे सोपे सूत्र आम्ही मांडणार नाही. इतिहास इतक्या सरळ धाग्याने विणलेला नसतो. पण ज्या घराण्याने पिढीभर सुलतानांची चाकरी केली, त्याला त्या चाकरीचे मोल काय मिळाले हे या लेकीने पाहिले होते. तिच्या मुलाने पुढे कोणाचीच चाकरी न करण्याचा निश्चय केला, तेव्हा त्या आठवणीला घरात काही जागा असेलच.

समाधीची वास्तू विस्तीर्ण आणि भारदस्त आहे. २०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जतनाचे काम येथे चालू असताना मातीखाली एका जुन्या मंदिराचा पाया उघडा पडला आणि पाठोपाठ शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. ती सुमारे १.७० मीटर लांब व १ मीटर उंच असून तिचा दगड या भागातला नाही. काळ तेराव्या शतकाच्या आसपासचा सांगितला जातो. म्हणजे लखुजींच्या आधी निदान तीनशे वर्षे येथे दूरचा दगड आणवून मूर्ती घडविणारे नगर नांदत होते, आणि जाधवांचे सिंदखेड त्या नगराच्या अंगावर उभे राहिले.

पाऊस वाढला तसे आम्ही समाधीच्या आडोशाला उभे राहिलो. चारशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या त्या चौघांसाठी श्रावणात येथे दुसरे कोणी आलेले दिसले नाही. जन्माचा दिवस साजरा करणे योग्यच आहे. पण जिजाबाईंना समजून घ्यायचे तर मरणाचा दिवसही ठाऊक हवा. त्या स्वतः १७ जून १६७४ रोजी, मुलाचा राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी पाचाडला निवर्तल्या. त्यांची समाधी तेथे, सह्याद्रीच्या पलीकडे, माहेरच्यांची येथे.

परतताना आजीबाईंनी भाकरी आणि चटणी कागदात बांधून दिली व पैसे घेण्यास नकार दिला. वाचकांना आमची एवढीच विनंती, की सिंदखेडराजाला एकदा जानेवारीत जावे आणि एकदा श्रावणात. जानेवारीत तेथे जयघोष ऐकू येईल. श्रावणात पाऊस ऐकू येईल, आणि एका लेकीच्या माहेराची गोष्ट.