नांगर, 'खबर' आणि काकांचं फेसबुक



गेल्या वीकएंडला भंडाऱ्याला घरी गेलो होतो. काकांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. (भंडारा म्हणजे पितळेचं गाव, हे विदर्भाबाहेरच्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागतं. असो.) दुकानाचं फेसबुक पान मीच हौसेनं काढून दिलं होतं. गेलो तर घरात सुतकी वातावरण!

झालं होतं असं की एका गिऱ्हाईकानं पानावर लिहिलं, "नवीन हंडा गळतो." चुलत भावानं उत्तर दिलं, "वापरता येत नसेल तर घेऊ नये." मग घाबरून सगळंच पुसून टाकलं. तोवर फोटो काढलेला होताच, आणि तो अर्ध्या गावाच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता.

"बदनामी करून रायला तो, अन् आपण गप्प बसाचं का?" काकांचा सवाल.

उत्तर सुचेना. दुपारी माळ्यावर आजोबांची ट्रंक उघडून बसलो, तर त्यात 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक! हे मासिक कसं जन्मलं ते तुम्हाला ठाऊक आहे का? एका नांगराच्या कारखान्यातून!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. आता 'वापरता येत नसेल तर घेऊ नये' असं लक्ष्मणरावही म्हणू शकले असते. पण शेतकऱ्याला अडाणी म्हटल्यानं नांगर खपत नाही, तो शेतात चालताना दिसावा लागतो. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, त्यामागे हा चिवटपणा आहे.

१९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. मूळचे चित्रकार! खरं तर हे कारखान्याचं घरचं पत्रक, आपल्या मालाची माहिती द्यायला काढलेलं. आजच्या भाषेत कंपनीचं पानच म्हणा ना :)

नुसत्या नांगरांच्या जाहिराती छापल्या असत्या तर त्यात लोकांनी भजी बांधली असती. पण शंकररावांनी उद्योगधंदा, समाजसुधारणा, कथा असं वाचकाच्या उपयोगाचं आणि आवडीचं द्यायला सुरुवात केली. पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडं आली. पंप आणि नांगर करणाऱ्या घराण्याचं नाव असं मराठी घरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसलं.

मला यातून एवढंच कळलं, की आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय याचं भान धंदेवाल्यानं ठेवायचं असतं. तेव्हा पोस्टानं शिरायचे, आता मोबाईलवरून. पाहुण्यानं सारखं 'घ्या, घ्या' करू नये, आणि घरच्यांनी चूक दाखवली तर भांडू नये. सोशल मीडियाचे शिष्टाचार म्हणून आमच्या कंपनीत दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. त्यात याहून जास्त काही नव्हतं!

आणि हे काकांना शिकवणारा मी कोण? आमच्या दुकानात जुन्या भांड्याची मोड वजन करून घेतात, ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर. नव्या भांड्यावर गिऱ्हाईकाचं नाव घालून देतात. हा शिष्टाचारच आहे की! तो गल्ल्यावर पाळायचा आणि फेसबुकवर विसरायचा, एवढीच आमची चूक.

संध्याकाळी भावानं पानावर लिहिलं, "आमचं उत्तर चुकलं, पुसलं तेही चुकलं. हंडा घेऊन या. झाळून देतो, नाहीतर बदलून देतो."

रविवारी ते गृहस्थ आले. त्यांच्या आईच्या लग्नातली भांडी आमच्याच दुकानातली निघाली. काकांनी हंडा पाण्यानं भरून वर्तमानपत्रावर ठेवला. पाचेक मिनिटांत कागद ओला झाला.

काका काही बोलले नाहीत. नवा हंडा काढला, भरून पाहिला, आणि विचारलं, "नाव कोणाचं घालाचं, भाऊ?"

चला, पुढच्या शनिवारी भेटूच.