डोकं पाच वर्षांचं?

"वय एकोणीस, पण डोकं पाच वर्षांचं. त्याला काय कळतंय? मी आहे तोवर मीच करणार." हे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या इतक्या आयांनी मला ऐकवलंय की त्यातल्या मायेवर शंका घेववत नाही. त्यातला तर्क मात्र चूक आहे.

'मानसिक वय' हा चाचणीच्या गुणांचा हिशेब. शब्द, आकडे, कोडी यांत सर्वसाधारण पाच वर्षांच्या मुलाइतके गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. एकोणीस वर्षांच्या हातातला जोर आणि रोज अंगवळणी पडलेली आंघोळ त्यात धरलेलीच नसते. म्हणूनच एडगर डॉल यांनी १९३५ साली अमेरिकेत व्हाइनलँड सामाजिक प्रगल्भता श्रेणी वेगळी तयार केली. तिचं भारतीय रूप आपल्या नागपुरात मॅलिन यांनी केलं. स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, असे तिचे प्रश्न. उत्तरं बहुधा आईच देते. आणि गंमत अशी की, मूल एरवी काय करतं तेच तिथे मोजलं जातं. घास आई भरवत असेल तर गुण कमी पडतात, आणि मग तोच आकडा पुढे करून 'बघा, जमत नाही' म्हणायला आपण मोकळे!

कळल्याशिवाय येणार कसं, असं विचारतात. गुंडी लावायला तुम्ही-आम्ही तरी कुठे समजून-उमजून शिकलो? काम पायऱ्यांत फोडायचं आणि शेवटाकडून शिकवायचं. पँट आईने मांडीपर्यंत चढवायची, कमरेपर्यंत मुलाने ओढायची. ते बसलं की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. दर वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून. आधी इलॅस्टिकची पँट. नाडी कधीच नाही जमली तरी काही अडत नाही.

'कळत नाही'ची मजल कुठवर जाते? १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही. पॅड बदलणं हेही पायऱ्यांचंच काम आहे.

सगळ्यांना सगळं येईल, असा माझा दावा नाही. तीव्र अक्षमतेत जन्मभर मदत लागते. आणि शाळेची रिक्षा दारात हॉर्न देत असताना आईने भराभर कपडे चढवले, तर तिला बोल लावणारी मी कोण? रविवारी मात्र रिक्षा येत नाही. त्या दिवशी पँट मांडीपर्यंत चढवा आणि हात मागे घ्या.