तळेगाव ढमढेरे आणि कारखानदारी

वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातले जुने बाजाराचे गाव. १७५१ मध्ये निजाम-फ्रेंच फौजेने ते उद्ध्वस्त केले, तरी पेठ पुन्हा उभी राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीस मात्र पुणे-नगर रस्त्यालगत सणसवाडी आणि रांजणगाव येथे कारखाने आले आणि परिसराचे अर्थकारणच फिरले. जिरायत शेतीवर न भागणाऱ्या घरांना पगाराचा आधार मिळाला, ही मोलाची गोष्ट. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. खोलीभाडे हेच अनेकांचे नवे पीक झाले. नुकसानही खरे आहे: जमिनी एकदाच विकल्या जातात, कंत्राटी नोकरी केव्हाही तुटते आणि पुणे-नगर रस्त्यावरील शिक्रापूरच्या चौकात अवजड वाहनांची कोंडी होते.