सीस्तानचा वारा

इराणच्या पूर्व टोकाला, अफगाण सीमेवर सीस्तानचा सपाट प्रदेश आहे. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे उत्तरेकडून सतत वारा सुटतो. कधी त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्याही वर जातो. लोक त्याला ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ म्हणतात. या वाऱ्यावर धान्य दळणाऱ्या पवनचक्क्यांची नोंद दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल-मसूदीने केली आहे.

पूर्वी हा वारा हामून सरोवराच्या उथळ पाण्यावरून गावांत शिरे, तेव्हा गारवा घेऊन येई. घराच्या वाऱ्याकडील झरोक्यात काटेरी झुडपे दाबून भरत आणि त्यांवर पाणी शिंपडत. आपल्याकडच्या वाळ्याच्या ताट्यांसारखीच ही युक्ती. हामूनमध्ये लव्हाळ्यांचे दाट बन होते. लव्हाळे बांधून केलेल्या ‘तुतान’ नावाच्या होड्यांतून मासेमारी चाले, त्याच्याच चटया विणत आणि गुरेही त्यावरच पोसली जात.

हामूनला पाणी पुरवते ती मुख्यतः हेलमंद नदी. तिचा उगम हिंदुकुशात, म्हणजे ती प्रामुख्याने बर्फाच्या पाण्यावर चालते. 1953 मध्ये अफगाणिस्तानात तिच्यावर कजाकी धरण झाले आणि कालव्यांनी शेती वाढली. 1973 च्या अफगाणिस्तान-इराण करारात इराणचा वाटा सेकंदाला सरासरी 26 घनमीटर ठरला. मग 1998 च्या सुमारास अनेक वर्षांचा दुष्काळ सुरू झाला आणि 2001 पर्यंत हामून जवळजवळ कोरडे पडले. वाढत्या तापमानाने बर्फ लवकर वितळते आणि बाष्पीभवनही वाढते. एकट्या हवामानाला दोष देणे मात्र बरोबर नाही. धरणे, कालवे आणि दोन्ही देशांचा अविश्वास यांचाही त्यात तेवढाच हात आहे.

वारा तोच राहिला, त्याच्या वाटेवरचे पाणी गेले. सरोवराच्या तळाचा गाळ इतका बारीक आहे की वाळल्यावर त्याची पूड होते आणि पहिल्याच झोतात उडते. जाड कण नाका-घशात अडकतात, पण अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा आणि जुनाट श्वासरोग बळावतात. लहान मुले व वृद्ध यांना सर्वाधिक झळ बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत झाबोल या सीस्तानच्या शहरात अशा कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे 217 मायक्रोग्रॅम नोंदले गेले. जगातील शहरांत ते सर्वाधिक होते. संघटनेची तेव्हाची मर्यादा 10 होती.

मासेमारी बुडाली, गुरे विकली गेली आणि अनेक कुटुंबे उत्तरेकडील गुलिस्तान प्रांतात निघून गेली. मागे राहिलेल्यांना वादळाच्या दिवसांत दारे-खिडक्या बंद करून बसावे लागते. 1973 च्या करारात शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याचा विचार आहे, पण खुद्द सरोवरासाठी वेगळा वाटा नाही. तो ठरेपर्यंत झाबोलचे डॉक्टर फक्त लक्षणांवरच उपचार करू शकतात.