भोंगा, माग आणि सूप : सोलापुरातील कामाचे तास आणि कामगाराचे समाधान

कामाला लागणारा वेळ आणि घर, शरीर, नातीगोती व सणवार यांना लागणारा वेळ यांचा मेळ बसला तर माणूस आपल्या कामावर समाधानी राहतो आणि तो बिघडला तर चांगल्या पगाराचे कामही त्याला नकोसे होते, हा विचार आज व्यवस्थापनशास्त्रात ‘कार्यजीवन संतुलन’ आणि ‘कार्यसमाधान’ या दोन संज्ञांनी मांडला जातो. कार्यसमाधान म्हणजे कामाविषयी माणसाच्या मनात असलेली एकंदर बरी-वाईट भावना. तिचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत रॉबर्ट हॉपॉक याने १९३५ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या विषयावर प्रश्नावल्यांचा आणि तक्त्यांचा पूर लोटला. मात्र ज्या शहरात कामाचे वेळापत्रक हाच शंभर वर्षे सार्वजनिक आयुष्याचा कणा होता, त्या शहराच्या इतिहासात हा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. सोलापूर असे शहर आहे. गिरणी, माग आणि विडी या तीन धंद्यांनी येथे काम व घर यांची सांगड तीन वेगळ्या रीतींनी घातली. त्या तिन्हींची तुलना केली असता असे आढळते, की कामगाराच्या समाधानाचा प्रश्न तासांच्या संख्येइतकाच त्या तासांवर कोणाची सत्ता चालते याच्याशी निगडित होता.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, मुंबईचे उद्योजक मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये स्थापन केली आणि १८७७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. जिल्हा त्या वेळी १८७६-७७ च्या भीषण दुष्काळातून जात होता, शेतीचा आधार तुटलेली माणसे कामाच्या शोधात होती आणि रेल्वे शहरापर्यंत येऊन पोहोचलेली होती. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे मुंबईबाहेरचे एक मोठे गिरणगाव झाले. खेड्यातून आलेल्या माणसाच्या दृष्टीने या बदलातील सर्वांत अनोळखी गोष्ट यंत्र ही नव्हती, ती भोंगा ही होती. शेतात कष्ट कमी नसत, परंतु ते ऋतूप्रमाणे वाढत व उतरत. पेरणीत आणि सुगीत उसंत नसे, उन्हाळ्यात ती मिळे. भोंग्याला ऋतू नव्हता. फाटक बंद झाल्यावर आलेल्या कामगाराचा दिवस बुडे, आणि त्याबरोबर मजुरीही बुडे.

विजेचे दिवे येण्यापूर्वी हिंदुस्थानातील गिरण्या साधारणपणे उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि दिवे आल्यावर ही नैसर्गिक मर्यादाही उरली नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुख्यतः मुलांना संरक्षण दिले : सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी पुढे आणली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या मागणीत वेतनाआधी विसाव्याचा विचार होता, ही बाब इतिहासकारांनी जितकी ठसवायला हवी तितकी ठसवलेली नाही. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी सर्वत्र आली आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली; प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र कसलाच बांध नव्हता. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी असा बांध घालण्यास नकार दिला, तेव्हा मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून कायद्याने तास ठरवण्याचा आग्रह धरला. अखेर १९११ मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तास, १९२२ मध्ये अकरा तास व आठवड्याचे साठ, १९३४ मध्ये दहा तास व आठवड्याचे चोपन्न, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पुढे आलेल्या आठ तासांच्या मागणीनंतर १९४६ मध्ये आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, अशा पायऱ्यांनी ही मर्यादा खाली आली.

कायद्याच्या या पायऱ्यांबरोबर कामगारांनी स्वतः घडवलेल्या एका व्यवस्थेचाही विचार करणे आवश्यक आहे. गिरणीच्या भाषेत विनापरवाना गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणत. मालकांच्या आणि सरकारी अहवालांच्या लेखी खाडे म्हणजे बेशिस्त, आळस किंवा व्यसन. परंतु खाडे कधी पडत हे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. सुगीच्या दिवसांत, लग्नसराईत, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर आणि मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे शेती, नाती आणि देव यांचे देणे ज्या ज्या वेळी फेडायचे असे त्या त्या वेळी, हजेरीपटावर रिकाम्या जागा दिसत. पगारी रजेची तरतूद कायद्यात १९४५ पर्यंत नव्हती आणि १९४८ च्या कायद्याने ती कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस अशी पक्की केली. तोवरच्या जवळजवळ सत्तर वर्षांत सोलापूरच्या कामगाराने आपल्या आयुष्याचा तोल स्वतःच्या मजुरीतून विकत घेतला, असेच खाड्याविषयी म्हणणे योग्य ठरेल. ज्याला अहवाल बेशिस्त म्हणत होते, त्यामुळेच कामगार गिरणीत टिकून राहत होता. त्याच्या जागी काम करणाऱ्या माणसाला ‘बदली’ म्हणत. तो रोज सकाळी फाटकाशी उभा राही आणि कोणाचा खाडा पडला तरच त्याला दिवस भरता येई. एकाची उसंत ही दुसऱ्याची भाकरी होती, आणि बदली कामगाराला मोकळा दिवस पुष्कळ मिळूनही त्यात समाधान नसे, कारण तो दिवस त्याने मागितलेला नसे. मुकादम किंवा जॉबर, म्हणजे कामगारांची भरती व देखरेख करणारा मध्यस्थ, याच्या मर्जीवर बदलीची निवड होत असल्यामुळे या अनिश्चिततेत अपमानाचीही भर पडे.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर बाजू शहराच्या ‘सेटलमेंट’मध्ये होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात वसवून त्यांच्यातील अनेकांना गिरण्यांत कामाला लावण्यात आले. या माणसांच्या बाबतीत काम संपल्यावर मोकळेपणाचा प्रश्नच नव्हता. पाळी संपली की कुंपणाच्या आतली हजेरी सुरू होई. तास तेच, यंत्रे तीच, तरीही शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे शेजारच्या मागावरचा, कामगार संध्याकाळी आपल्या मनाने कुठेही जाऊ शके आणि हा जाऊ शकत नसे. समाधान केवळ तासांच्या हिशेबातून मोजणाऱ्या कोणत्याही मोजपट्टीत हा फरक उतरणार नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र शहराच्या बोलण्यात उरले.

तास कमी झाल्याने कामगाराला जी संध्याकाळ मिळाली, तिने सोलापूरला एक सार्वजनिक आयुष्य दिले. तालमी, भजनी मंडळे, मेळे, नाटके, वाचनालये आणि युनियनच्या सभा यांना माणसे लागतात आणि माणसांना वेळ लागतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेच्या बातमीनंतर शहर उठले तेव्हा गिरणी कामगार मोठ्या संख्येने रस्त्यावर होते. त्यानंतर मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्याआधी दहा वर्षे, १९२० च्या आरंभी, येथील सुमारे सोळा हजार गिरणी कामगारांनी संप केला होता. दिवसाचे सारे तास यंत्रापाशी घालवणाऱ्या माणसाला संघटित होण्यासाठी लागणारा अवकाश कोठून मिळणार, हा साधा प्रश्न विचारला तरी तासांच्या लढ्याचे मोल लक्षात येते.

गिरणीच्या फाटकाने काम आणि घर यांच्यामध्ये एक रेषा ओढली. हातमागाच्या घरात ती रेषाच नव्हती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात जी वस्ती उभारली, तेथे माग हाच घराचा मध्य असे. खड्ड्यात पाय सोडून पुरुष विणायला बसे, पत्नी किंवा आई रहाटावर कांड्या भरी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी लागणारे सूत नळीवर गुंडाळी, मुले तुटलेली टोके जोडत आणि खळ लावलेले ताणे गल्लीत लांबवर पसरून वाळवले जात. वरकरणी पाहता येथे संतुलन आपोआप साधलेले होते : भोंगा नाही, मुकादम नाही, मूल रडले तर उठता येते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा माग थांबवता येतो. परंतु मजुरी नगावर होती, सुतासाठी व अडीअडचणीसाठी कारखानदाराकडून घेतलेली उचल फेडायची होती, आणि त्यामुळे घरातल्या प्रत्येक रिकाम्या हाताकडे कामाच्या नजरेने पाहिले जाई. गिरणी कामगाराची पत्नी नवऱ्याच्या पाळीभोवती आपला दिवस बेतत होती. विणकराची पत्नी स्वतःच त्या पाळीत होती आणि हजेरीपटावर तिचे नाव कोठेही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांनी शहराचे नाव देशभर नेले. १९४८ चा कारखाना कायदा मूळ तरतुदीनुसार विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेस लागू होई. चार-सहा मागांची शेड या आकड्याच्या खाली राही. परिणामी ज्या तासांसाठी गिरणी कामगार पिढ्यान्‌पिढ्या झगडला, ते यंत्रमागावर काम करणाऱ्या त्याच्याच मुलाला मिळतील याची शाश्वती उरली नाही आणि बारा तासांची पाळी या धंद्यात पुन्हा परिचयाची झाली. गिरण्यांचा आधारही तोवर डळमळू लागला होता. जुनी मिल २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि त्यावरून झालेले खटले सर्वोच्च न्यायालयाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या निकालांत गणले जातात. त्या निकालांची चर्चा मालमत्तेच्या हक्कासंदर्भात होते. कामगाराच्या बाजूने पाहता त्यातून उघड झालेली गोष्ट वेगळी होती. मर्यादित तास, पगारी रजा आणि पाळणाघर हे सारे हक्क गिरणीच्या आवाराला बांधलेले होते, आणि आवाराला कुलूप लागले की ते एका दिवसात नाहीसे होत. पुढच्या दशकांत एकेक गिरणी बंद होत गेली तसतसा हा अनुभव हजारो घरांत पोहोचला. कामावर नाखूश असलेला माणूस काम गेल्यावर त्याच कामाची आठवण अभिमानाने काढतो, यात विसंगती नाही. त्याला आठवतो तो यंत्राचा खडखडाट नसून महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा पगार आणि पाळी सुटल्यावरचा स्वतःचा वेळ.

घरातला पुरुष बेकार झाला किंवा त्याची मजुरी अपुरी पडली, तेव्हा सोलापूरच्या हजारो घरांत चूल पेटती ठेवली ती विडीने. तेंदूची पाने आदल्या दिवशी भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याच्या मापाने ती कात्रीने कापतात. मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन पानात चिमूट भरतात, दोन्ही हातांच्या बोटांनी वळतात, दोऱ्याने बांधतात आणि तोंड दुमडतात. मजुरी हजारावर मिळते. माल शाखेत, म्हणजे कारखानदाराच्या स्थानिक केंद्रात, नेऊन द्यावा लागतो. तेथे सदोष ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात, आणि छाटीत गेलेल्या विड्यांमागचे तास हिशेबात धरले जात नाहीत. या कामाविषयी स्त्रिया जे समाधान सांगतात ते खरे आहे आणि ते हलके लेखू नये : मूल नजरेसमोर राहते, सासू-सासऱ्यांचे पाहता येते, शेजारणींसोबत ओट्यावर बसून बोलता बोलता हात चालू राहतो. पण हजार पुऱ्या व्हायच्या असतात, आणि स्वयंपाक, पाणी व आजारपण यांत गेलेला प्रत्येक तास झोपेतून भरून काढावा लागतो. पाठदुखी आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला हे या हिशेबाचे शरीरावर उमटलेले आकडे आहेत.

विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले, तिला प्रसूतिलाभाचा हक्क दिला. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना संघटनेच्या बळावर या तरतुदी प्रत्यक्षात उतरवण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. त्याच संघटनेतून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. जिचे घर हेच कामाचे ठिकाण आहे, तिच्यासाठी पक्क्या भिंती आणि पुरेसा उजेड ही कामाच्या परिस्थितीतलीच सुधारणा असते, आणि म्हणून गृहनिर्माण ही कामगार चळवळीची मुख्य मागणी करणारे हे शहर विशेष अभ्यासास पात्र आहे. मात्र १९६६ च्या कायद्याने घातलेली दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा औद्योगिक आवारापुरती होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली तेव्हा राज्यभर त्यावर वाद झाला. कुंभारीत किंवा पूर्व भागात सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या स्त्रीसाठी त्या वादातल्या दोन्ही आकड्यांपैकी एकही लागू नव्हता.